आंब्याची पेटी आणि मोबाईलवरील गिऱ्हाईक

फाल्गुन लागला की कोकणपट्टीतील हापूसच्या बागांतून पहिल्या तोडीची लगबग सुरू होते. पेटी भरून वाशीच्या फळबाजारात पाठवावयाची, दलालाकडून पट्टी येईपर्यंत वाट पाहावयाची, आणि भाडे, हमाली व इतर खर्च वजा जाता जी रक्कम हाती येईल ती मुकाट्याने स्वीकारावयाची, हा क्रम आपल्याकडील बागाईतदारांच्या कित्येक पिढ्यांनी पाळला आहे. गेल्या काही वर्षांत या राजमार्गाला एक पायवाट फुटली आहे. बागाईतदार आपल्या खिशातील मोबाईलवर फळांची छायाचित्रे पाठवितो, पुण्यातील किंवा ठाण्यातील गिऱ्हाईक त्यावरच मागणी नोंदविते, पैसेही मोबाईलवरच जमा होतात आणि पेटी रात्रीच्या गाडीने रवाना होते.

ही पायवाट रुंद झाली ती २०२० साली. त्या वर्षी मार्च महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी जाहीर झाली आणि ऐन हंगामात बाजाराचे व्यवहार विस्कळीत झाले. झाडावरील फळ काही टाळेबंदी जाणत नाही. तेव्हा अनेक बागाईतदारांनी मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांशी फोनवरून संधान बांधले व एकेका इमारतीच्या पेट्या एकाच टेंपोतून पोचविल्या. फळे व भाजीपाला यांच्या बाजार समितीच्या आवाराबाहेरील विक्रीवर असलेले नियमन महाराष्ट्र शासनाने २०१६ सालीच काढून टाकले होते, त्यामुळे कायद्याचा अडसरही नव्हता. संकटात सापडलेली ही रीत संकट सरल्यावरही टिकून राहिली.

याविषयी गावोगाव दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, आता दलाल संपला, सारा नफा शेतकऱ्याचा. दुसरा पक्ष म्हणतो, हे शहरी पोरांचे खेळ आहेत, आपणांस ते जमावयाचे नाही. तालुक्यातील बागांतून हिंडताना जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, दोन्ही पक्षांनी एक गोष्ट ध्यानात घेतलेली नाही. मोबाईलवरील विक्रीत दलाल निघून जातो, परंतु दलालाचे काम निघून जात नाही. ते बागाईतदाराच्या अंगावर येऊन पडते.

दलालाचे काम म्हणजे काय?

फळांची प्रतवारी पारखणे, नासलेला माल बाजूला काढणे, खरेदीदाराची तक्रार ऐकून घेणे, उधारी वसूल करणे, भाव पडला तर माल कोठे खपवावयाचा याची तजवीज ठेवणे, ही सारी कामे आजवर बाजारात कोणीतरी करीत होते. त्याने ती नेहमीच सचोटीने केली असे कोणी म्हणणार नाही. पण ती होत होती. शिवाय एक काम फार मोलाचे होते, ते म्हणजे उचल. कार्तिक-मार्गशीर्षात मोहोराच्या फवारण्यांसाठी लागणारा पैसा पुष्कळ बागाईतदार दलालाकडूनच आणतात आणि त्या बदल्यात माल त्याच्याकडेच घालण्याचा शब्द देतात.

म्हणून पहिली सूचना अशी की, ज्याने उचल घेतली आहे त्याने दिलेला शब्द मोडून सगळा माल मोबाईलवर विकण्याच्या भरीस पडू नये. हंगाम बिघडला तर पुढील वर्षी फवारणीस पैसा कोण देणार? शंभर पेट्यांचे उत्पन्न असेल तर पहिल्या वर्षी दहा पेट्या थेट विकाव्यात आणि नव्वद नेहमीच्या वाटेने जाऊ द्याव्यात. दहा पेट्यांत झालेली चूक सोसता येते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा सल्ला आग्रहाने द्यावा, कारण एखाद्याचे यश ऐकून दुसऱ्याने एकदम सारी बाग पणाला लावावी, हे आपल्याकडे वारंवार घडते.

पहिले गिऱ्हाईक कोठे शोधावे?

मोबाईलवर जाहिरात देण्याची सोय झाली आहे खरी. फेसबुक व इन्स्टाग्राम यांवर दररोज ठरावीक रक्कम भरून अमुक शहरातील, अमुक वयाच्या लोकांना आपले छायाचित्र दाखविता येते. परंतु जाहिरात पाहणारा म्हणजे विकत घेणारा नव्हे. अनोळखी माणूस अनोळखी माणसाकडून दीड-दोन हजारांचे नाशवंत फळ सहसा पहिल्याच दिवशी मागवीत नाही. तो भाव विचारतो, आणखी चार ठिकाणी विचारतो आणि गप्प बसतो.

कोकणातील बागाईतदाराजवळ याहून मोठे भांडवल आहे, ते म्हणजे चाकरमानी. प्रत्येक वाडीतील दहा-वीस घरे मुंबई, ठाणे, पुणे येथे नांदत आहेत. त्यांची मंडळे आहेत, शिमग्याला व गणपतीला ती मंडळी गावी येतात. त्यांपैकी पाच जणांनी आपापल्या इमारतीत शब्द टाकला तर पहिल्या दहा पेट्या हां हां म्हणता खपतात. शिवाय गिऱ्हाईक आणि बागाईतदार यांच्यामध्ये ओळखीचा माणूस असल्याने दोन्ही बाजूंस धीर असतो. हाच न्याय नाशिककडील द्राक्षांच्या किंवा सोलापूरकडील डाळिंबांच्या बागाईतदारास, आणि पापड-लोणची करणाऱ्या महिला बचत गटासही लागू पडतो. गावाबाहेर गेलेले आपले लोक हा पहिला बाजार.

यासाठी व्हॉट्सॲपची व्यवसायासाठी असलेली निराळी योजना वापरावी. ती मोफत आहे. तीत मालाचे छायाचित्र व भाव मांडून ठेवता येतात, बागेचा पत्ता देता येतो, आणि वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात. एकच निरोप एका वेळी २५६ जणांच्या यादीला पाठविण्याची सोय आहे, मात्र ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठविला आहे त्यांनाच तो पोचतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकास पहिल्याच वेळी नम्रपणे सांगावे, ‘आमचा क्रमांक जतन करून ठेवा.’ न विचारता परक्यांच्या फोनवर निरोपांचा मारा करू नये. तसे केल्यास लोक आपला क्रमांक बंद करतात, आणि अशा तक्रारी वाढल्या तर खातेच बंद पडण्याचा संभव असतो.

वयस्क बागाईतदार म्हणतात, आम्हांस त्या बारीक अक्षरांवर बोटे चालविता येत नाहीत. त्यांनी फोनवरील मायक्रोफोनचे चिन्ह दाबून मराठीत बोलावे. बोललेले अक्षरांत उमटते. क्वचित गमतीच्या चुका होतात, तेवढ्या नातवंडांकडून दुरुस्त करून घ्याव्यात.

क्रमांकाविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. एका बागाईतदाराने खोक्यांवर मुलाचा मोबाईल क्रमांक छापून घेतला. पुढे मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेला, त्याने तो क्रमांक बंद केला, आणि दोन वर्षे जोडलेली गिऱ्हाइके बंद क्रमांकावर फोन करून थकली. छापलेली चारशे खोकी तशीच पडवीत पडून होती. विक्रीसाठी एक स्वतंत्र क्रमांक घ्यावा, तो घराच्या कर्त्या माणसाच्या नावे असावा आणि हंगाम नसतानाही चालू ठेवावा.

छायाचित्रातील फळ आणि पेटीतील फळ

मोबाईलवरील गिऱ्हाइकाला फळ हाताळता येत नाही, त्याचा वास घेता येत नाही. त्याच्यापुढे असते ते केवळ छायाचित्र. साहजिकच उत्तमातील उत्तम फळ निवडून त्याचे छायाचित्र घेण्याचा मोह होतो. येथेच पुढील भांडणाचे बी पेरले जाते.

माझ्या माहितीतील एका कष्टाळू बागाईतदाराने फांदीच्या शेंड्यावरचे तीनशे ग्रॅमचे फळ हाती धरून छायाचित्र काढले आणि पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या गटात पाठविले. चाळीस घरांनी मागणी नोंदविली. पहिल्या खेपेस गेलेली फळे दोनशे ग्रॅमच्या आसपासची होती. ती गोड होती, निरोगी होती, भावही त्यांना साजेसाच होता. पण एका बाईंनी छायाचित्र आणि प्रत्यक्ष फळ शेजारी शेजारी मांडून पुन्हा नवे छायाचित्र काढले आणि त्याच गटात टाकले. संध्याकाळपर्यंत उरलेल्या सर्व मागण्या रद्द झाल्या. भरून ठेवलेल्या पेट्या त्यास मिळेल त्या भावाने स्थानिक बाजारात द्याव्या लागल्या. बाजारातील भांडण दोघांत होते आणि मिटते. मोबाईलवरील भांडण साऱ्या इमारतीपुढे होते आणि लिहिलेले राहते.

यावर उपाय साधा आहे. सरासरी फळाचे छायाचित्र घ्यावे, आणि ते काट्यावर ठेवून घ्यावे म्हणजे वजन दिसेल. सकाळच्या उजेडात, रंग खुलविण्याची कोणतीही करामत न करता घ्यावे. गेल्या वर्षीचे छायाचित्र यंदा वापरू नये. छायाचित्राखाली मोजका मजकूर असावा. नमुन्यादाखल:

‘हापूस, स्वतःच्या बागेतील. एका फळाचे वजन दोनशे ते अडीचशे ग्रॅम. उद्या सकाळी तोड. फळे कच्ची पाठविली जातील, घरी आठ-दहा दिवसांत पिकतील. डझनाचा भाव अमुक, गाडीभाडे निराळे. निम्मी रक्कम आगाऊ. नासके अथवा साक्याचे फळ निघाल्यास त्याच दिवशी छायाचित्र पाठवावे, त्या फळाची किंमत परत मिळेल.’

यातील शेवटचे वाक्य लिहिण्यास बागाईतदार बिचकतात. वस्तुतः तेच वाक्य विक्री घडवून आणते.

साक्याचा प्रश्न

हापूसमधील साका ही मोबाईलवरील विक्रीची खरी कसोटी होय. वरून सोन्यासारखे दिसणारे फळ कापावे आणि आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर निघावा, हा अनुभव प्रत्येकास आहे. वरून तो ओळखता येत नाही. बाजारात पेटी चार हातांतून जाते, तेव्हा साक्याचा दोष कोणाच्याच नावावर चढत नाही. थेट विक्रीत तो सरळ आपल्या नावावर चढतो.

तो पूर्णपणे टाळता येत नसला तरी कमी करता येतो. फळ चौदा आणे तयार झाल्यावरच उतरवावे, झाडावर अधिक पिकू देऊ नये. तोड सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर करावी. फळे देठासकट झेल्याने काढावीत, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. उतरलेली फळे तापलेल्या कातळावर किंवा उघड्या जमिनीवर ठेवू नयेत, कारण जमिनीतून वर येणारी उष्णता हे साक्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. ही कृषी विद्यापीठाची जुनीच शिफारस आहे, पण दलालाला माल देताना जी हयगय खपत होती ती आता खपणार नाही.

गिऱ्हाइकाच्या घरी होणारी हयगयही आपल्याच माथी येते. शहरातील कित्येक घरांत कच्चा हापूस आला की तो लगोलग फ्रिजमध्ये जातो. थंडीने फळ नीट पिकत नाही, साल काळवंडते, आणि तक्रार मात्र बागाईतदाराकडे येते. म्हणून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी घालावी व तोच मजकूर मोबाईलवरही पाठवावा: पेटी येताच उघडावी, फळे भाताच्या पेंढ्यात एकेरी थराने मांडावीत, वास सुटून फळ किंचित मऊ लागले की खावीत, फ्रिजमध्ये ठेवावयाची तर पिकल्यावरच. कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे हे सर्वश्रुत आहे. आपण पेंढ्यात पिकवितो हे अढीच्या छायाचित्रासह सांगितल्यास गिऱ्हाइकास ते फार आवडते, असे दिसून आले आहे.

नावाचे रक्षण

हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील फळालाच ते लागू आहे. या जिल्ह्यांतील बागाईतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी. परप्रांतीचे फळ कोकणच्या नावाने खपविण्याचा प्रकार मोबाईलवर तर फारच सोपा झाला आहे. तेथे बाग कोणाची आणि छायाचित्र कोणाचे, हे कोण पाहतो? या दृष्टीने देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात टाकलेले पाऊल अभ्यासण्याजोगे आहे. बागेतील झाडांच्या मानाने मोजून दिलेले, सांकेतिक क्रमांक असलेले स्टिकर फळावर लावावयाचे, आणि गिऱ्हाइकाने त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवून फळाच्या खरेपणाची खात्री करून घ्यावयाची, अशी ती पद्धत आहे. एकट्यादुकट्या बागाईतदाराच्या आवाक्यातील हे काम नव्हे, सहकारी संस्थेचेच आहे.

पैशाची देवघेव

यूपीआयची पद्धत २०१६ साली सुरू झाली आणि आता खेड्यातील चहाच्या टपरीवरही तिचा चौकोनी कोड टांगलेला दिसतो. ती सोयीची आहे यात शंका नाही. पण तिच्यातील एक नियम घरातील प्रत्येकास, लहानथोरांस, पाठ असला पाहिजे: पैसे घेण्यासाठी पिन कधीही घालावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी.

हा नियम ठाऊक नसल्याने एका वृद्ध बागाईतदाराचे एकोणीस हजार रुपये गेले, ते सर्व फवारणीच्या औषधासाठी राखून ठेवलेले. फोन करणाऱ्याने आपण लष्करातील अधिकारी असल्याचे सांगितले, छावणीसाठी वीस पेट्या हव्या म्हणून घासाघीस न करता भाव कबूल केला, आणि आगाऊ रक्कम पाठविण्यासाठी म्हणून एक चौकोनी कोड धाडला. ‘हा उघडून पिन घाला म्हणजे पैसे जमा होतील,’ असे तो म्हणाला. जमा काहीच झाले नाही. ते गृहस्थ लाजेपायी चार दिवस कोणाशी बोलले नाहीत, आणि त्या चार दिवसांतच पैसा परत मिळण्याची आशा मावळली. अशी फसवणूक घडल्यास घटकाभरही न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. फसला गेलेला माणूस मूर्ख नसतो, हे कार्यकर्त्यांनी गावसभेत मोकळेपणाने सांगावे. लाज मोडली तर तक्रार वेळेवर होते.

दुसरा प्रकार खोट्या पावतीचा. गिऱ्हाईक पैसे भरल्याचे चित्र पाठविते. त्या चित्रावर विसंबून पेटी सोडू नये. आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याचे स्वतः पाहावे, मगच पेटी गाडीत चढवावी. पेटी पोचल्यावर पैसे देण्याचा करार नाशवंत मालास मुळीच सोयीचा नाही, कारण गिऱ्हाइकाने ऐनवेळी नाकारलेली पेटी परत येईपर्यंत फळ राहत नाही.

हिशेब

आता सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत कमी केला जाणारा हिशेब. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा, गिऱ्हाइकाकडून गाडीभाड्यासह डझनास ९०० रुपये आले. त्यांतून खोके व पेंढा ४५, गाडीभाडे व घरपोच १३०, बदलून दिलेल्या फळांचा वाटा ७५, जाहिरात व फोन ४०, आणि घरच्या माणसांची मजुरी ६० वजा करा. राहिले ५५०. याच फळाची बाजारातील पट्टी सर्व खर्च जाऊन ४८० आली असती, तर खरा लाभ डझनामागे ७० रुपयांचा, शंभर डझनांस सात हजारांचा. ९०० आणि ४८० यांची वजाबाकी करून जो बागाईतदार ४२० रुपये मिळाले म्हणून हर्षभरित होतो, तो घरच्या लोकांची रात्रीची जागरणे फुकट धरतो. आणि पट्टी ५५० च्या वर जात असेल तर त्या आठवड्यात पेटी सरळ बाजारात पाठवावी, त्यात कमीपणा नाही.

हे सारे ज्यांच्या वहीवरून मला उमगले त्या एक विधवा बागाईतदारीण आहेत. त्यांची कलमे अवघी साठ. मोबाईल त्यांची सून चालविते, वही त्या स्वतः लिहितात: गिऱ्हाइकाचे नाव, डझन, तारीख, बदलून दिलेली फळे, आणि शेवटच्या रकान्यात ‘पुन्हा मागविले’ किंवा ‘नाही’. हंगाम आटोपल्यावर, आषाढात, त्या ‘पुन्हा मागविले’ अशा नावांनाच एक निरोप धाडतात की आंबापोळी व कोकम तयार आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी त्यांनी त्यासाठी करून घेतली आहे, कारण घरगुती झाला तरी तो प्रक्रिया केलेला पदार्थ आहे. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ‘नाही’ असे लिहिलेल्या नावांची त्या मोजणी करीत होत्या. अकरा भरली. ‘यांतल्या सातांना साक्याचा आंबा गेला होता,’ त्या म्हणाल्या, ‘चौघांचं कारण कळत नाही. सुनेला सांगितलंय, फोन करून विचार.’